घरकुलाची यादी आणि चार अगती

ताई, सप्रेम जय भीम.

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही नुकत्याच सरपंच झाला आहात, गावच्या विहार समितीतही आहात. भावकीतली आणि पॅनेलमधली माणसं म्हणतात, "आता आपलं राज्य आलंय, आपली नावं यादीत वर घ्या." ग्रामसेवक म्हणतात, "मॅडम, तुम्ही सही करा, बाकीचं मी बघतो." तुम्ही राजाने पाळायचे दहा राजधर्म वाचलेत, पटलेही. पण दान, शील, परित्याग, क्षांती हे शब्द घेऊन सोमवारी पंचायतीत जाऊन बसायचं कसं, ते कळत नाही. रोजच्या कारभारात उपयोगी पडेल असं भगवंतांनी, म्हणजे बुद्धांनी, काही सांगितलंय का, असं तुम्ही विचारलंय.

सांगितलंय, आणि भरपूर सांगितलंय. आपण ते शोधतो मात्र राजांना केलेल्या उपदेशात. मी विहारांमध्ये पाली आणि विनय, म्हणजे भिक्खू संघाचे नियम, शिकवतो, समित्यांचे हिशोब आणि भांडणं मिटवायलाही बसतो. माझ्या मते कारभाऱ्याला सगळ्यात उपयोगी पडणारा भाग भिक्खू संघाच्या कोठीघरात आणि पंगतीत सापडतो. तुमच्यापुढे आज घरकुलाची यादी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

राजगृहासारख्या ठिकाणी भिक्खूंची संख्या मोठी असायची. उपासक जेवणाची आमंत्रणं द्यायचे. एका घरी उत्तम जेवण, दुसऱ्या घरी कण्यांचा भात. कोणत्या भिक्खूने कोणाच्या घरी जायचं हे रोज कोणीतरी ठरवायला लागायचं. त्या माणसाला भत्तुद्देसक म्हणत. निवासाच्या जागा वाटणारा वेगळा, चीवरं, म्हणजे भिक्खूंची वस्त्रं, स्वीकारणारा वेगळा, ती वाटणारा वेगळा, कोठारावरचा भांडागारिक वेगळा. ही पदं ज्येष्ठतेने मिळत नसत आणि भगवंतांच्या मर्जीनेही मिळत नसत. आधी त्या माणसाची संमती घ्यायची, मग संघापुढे ठराव मांडायचा. ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प राहायचं, ज्यांना मान्य नाही त्यांनी तिथेच बोलायचं.

पदासाठी पाच अटी होत्या. पहिल्या चार सगळ्या पदांना सारख्याच: माणूस छंदाने, म्हणजे आपल्या-परक्याच्या ओढीने वागणारा नसावा, द्वेषाने वागणारा नसावा, मोहाने, म्हणजे न समजता वागणारा नसावा, आणि भयाने वागणारा नसावा. यांना चार अगती, म्हणजे चार चुकीच्या वाटा, म्हणतात. सिगाल नावाच्या गृहस्थाला उपदेश करतानाही भगवंतांनी याच चार सांगितल्या. पाचवी अट कामानुसार बदलते. जेवण वाटणाऱ्याला कोणाला पाठवलं आणि कोण राहिलं हे ठाऊक हवं. चीवर घेणाऱ्याला काय घेतलं आणि काय घेतलं नाही हे ठाऊक हवं. भांडागारिकाला काय जपून ठेवलंय आणि काय उघड्यावर पडलंय हे ठाऊक हवं.

या अटींमध्ये ध्यानाची उंची विचारलेली नाही, वक्तृत्व विचारलेलं नाही, घराणं तर नाहीच नाही. वाटप ज्याच्या हातात आहे त्याला चार ठिकाणी घसरायचं नाही आणि नोंद पक्की ठेवायची आहे, एवढंच विचारलंय. तुमची घरकुलाची यादी हे वाटपच आहे.

आता ती यादी समोर घ्या आणि चारही अगती एकेका नावावरून फिरवा. चुलत दिराचं नाव वर सरकलं तो छंद. पलीकडच्या आळीतल्या बाईचं पत्र्याचं घर दर पावसाळ्यात गळतं, पण तिच्या मुलाने विरोधी पॅनेलचा प्रचार केला म्हणून तिचं नाव "कागदपत्रं अपुरी" या शेऱ्याखाली गेलं तो द्वेष. या दोन्ही सगळ्यांना ओळखता येतात, गावही ओळखतं. खरं लक्ष द्यायला हवं ते उरलेल्या दोघांकडे.

"तुम्ही सही करा, बाकीचं मी बघतो" यावर सही करणं हा मोह आहे. मला माहीत नव्हतं, मला कोणी सांगितलं नाही, ही आपल्याकडे माफीची कारणं समजली जातात. धम्मात तशी सवलत नाही. पदावर बसून न समजता वागणं हे पक्षपाताच्याच रांगेत, त्याच वजनाने ठेवलंय. म्हणून यादी स्वतः वाचा. शब्द अडला तर दहा वेळा विचारा, त्यात कमीपणा नाही. एक दिवस काढून यादीतल्या आणि यादीबाहेर राहिलेल्या घरांसमोर उभ्या राहा. भिंत मातीची की विटांची, वर पत्रा की कौल, हे डोळ्यांनी पाहा. नवी सरपंच दारात आली की लोक आपोआप बोलायला लागतात आणि कागदावर नसलेलं कळतं.

भयाची गोष्ट अधिक नाजूक आहे. ठेकेदार रागावेल, अविश्वास ठराव येईल, घरात वाद होईल. बायकांना पदावर बसवून कारभार नवऱ्याने किंवा सासऱ्याने करायचा ही पद्धत आजही अनेक गावांत आहे, आणि तिच्या मुळाशी हीच चौथी अगती असते. भीती वाटणं हा दोष मानलेला नाही. भीतीने निर्णय फिरला की तो दोष होतो. म्हणून निर्णय बंद खोलीत घेऊच नका. चार माणसांत एकट्या बाईवर दबाव टाकणं सोपं असतं. ग्रामसभेत नाव मोठ्याने वाचून, कारण सांगून घेतलेला निर्णय फिरवायला सांगणाऱ्यालाही सगळ्यांसमोर तोंड उघडावं लागतं.

नीट वागलं की सगळे खूश होतात, असं मात्र समजू नका. दब्ब मल्लपुत्त हे भिक्खू जेवण आणि निवास या दोन्हींच्या वाटपाला नेमलेले होते, आणि अर्हत, म्हणजे मुक्ती मिळवलेले, होते. मेत्तिय-भुम्मजक नावाच्या भिक्खूंची पाळी एका गृहस्थाच्या घरी आली. तो गृहस्थ एरवी उत्तम जेवण द्यायचा. पण हे भिक्खू येणार म्हटल्यावर त्याने दासीला सांगितलं की यांना दरवाज्याच्या ओसरीत बसव आणि कण्यांचा भात आंबट पेजेबरोबर वाढ. भिक्खूंनी राग काढला दब्बांवर. एका भिक्खुणीला पुढे करून त्यांच्या चारित्र्यावर खोटा आरोप केला. भगवंतांनी काय केलं? आरोप ऐकून दब्बांना बाजूला सारलं नाही, आणि हे माझे आहेत म्हणून प्रकरण दाबलंही नाही. संघ जमवला, सगळ्यांसमोर दब्बांना थेट विचारलं, आरोप करणाऱ्यांची चौकशी करवली, आणि निर्दोष ठरल्यावर संघाच्या ठरावाने तशी नोंद केली. तुमच्यावरही बोट उचललं जाईल, ताई. तेव्हा चौकशी स्वतःहून मागा.

आता त्या पाचव्या अटीकडे येतो, नोंदीकडे. महाराष्ट्रात याचा फार सुंदर पुरावा दगडात कोरलेला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने संघाला ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) अक्षयनिवी, म्हणजे कायम ठेव, दिली. ती रक्कम गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवली: २,००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत द्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. गणित करून पाहा: महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि २० भिक्खूंचे १२ प्रमाणे बरोबर २४०. एक कार्षापण इकडेतिकडे नाही. लेखाच्या शेवटी म्हटलंय की हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं. राजाच्या जावयाने दान दिलं, तेही नगराच्या सभेत ऐकवून!

मला परिचित असलेल्या एका विहारात दाराच्या उजव्या हाताला काळा फळा आहे. बुद्धजयंती झाली की त्यावर खडूने लिहिलं जातं: वर्गणी जमा, मंडप, आचारी, किराणा, लाइट बिल, शिल्लक. खाली खजिनदाराची सही. त्या वस्तीत पैशावरून भांडण झालेलं मी ऐकलेलं नाही. तुमच्या पंचायतीच्या बाहेर नोटीस बोर्ड आहेच. त्यावर घरकुलाची यादी लावा, आणि निवड का झाली तेही शेजारच्या रकान्यात लिहा.

हिशोब विचारला की आपल्या कार्यकर्त्यांना अपमान वाटतो. "माझ्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य मी समित्यांच्या बैठकांत इतक्या वेळा ऐकलंय की तिथे मी नेहमी भगवंतांचे सेवक-शिष्य आनंद यांची गोष्ट सांगतो. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना ५०० वस्त्रं दान दिली. राजा चिडला: हा श्रमण काय कापडाचा व्यापार करणार, की दुकान मांडणार? तो जाऊन थेट विचारता झाला. आनंदांनी शांतपणे उत्तर दिलं: ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवरच्या बैठका. त्यांचं? पायपुसणी. त्यांचं? झाडणी-पुसणी. आणि तीही फाटली की कुटून चिखलात कालवून लिंपायला वापरू. राजाने आणखी ५०० वस्त्रं दिली. भगवंतांजवळ इतकी वर्षं राहिलेल्या आनंदांना एका रागावलेल्या राजाला पायपुसण्यापर्यंतचा हिशोब देताना कमीपणा वाटला नाही.

समाजाच्या सुखाबद्दल तुम्ही विचारलंत, त्यासाठी कूटदंत सुत्त, म्हणजे भगवंतांचा त्या नावाचा उपदेश, जरूर वाचा. महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा होता. पुरोहित म्हणाला, राज्यात चोऱ्या-दरोडे वाढलेत, अशा वेळी नवा कर लावणं चूक आहे. मग मारून, बांधून, दंड करून, हद्दपार करून चोर संपवू का? तेही साधणार नाही. जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. उपाय एकच: जो शेती आणि गुरं करतो त्याला बी-बियाणं आणि अन्न द्या, जो व्यापार करतो त्याला भांडवल द्या, जो राजाची चाकरी करतो त्याला जेवण आणि वेतन द्या. लोक आपापल्या कामाला लागले, चोऱ्या थांबल्या, महसूल वाढला, माणसं लेकरांना छातीशी घेऊन नाचवू लागली आणि दारं उघडी टाकून झोपू लागली. पुढे यज्ञ झाला तेव्हा प्राणी मारले नाहीत, झाडं तोडली नाहीत, आणि कामकऱ्यांना दांडक्याचा धाक दाखवला नाही. ज्याला करायचं होतं त्याने केलं, ज्याला नको होतं त्याने केलं नाही. लोक राजासाठी धन घेऊन आले तर तो म्हणाला, मला रास्त करातून पुरेसं मिळालंय, हे तुम्हीच ठेवा, उलट इथून आणखी न्या.

चक्कवत्ती सीहनाद सुत्तात याची दुसरी बाजू आहे. तिथला राजा संरक्षण देतो, पण गरिबांना धन देत नाही. दारिद्र्य वाढतं, मग चोरी. पहिला चोर पकडून आणला तर म्हणतो, जगणं होत नाही. राजा त्याला पैसे देतो. ते ऐकून इतरही चोरी करू लागतात. राजा घाबरून शिरच्छेद सुरू करतो. ते पाहून लोक शस्त्रं करतात, लुटलेल्या माणसांना मारून टाकतात, आणि मग खोटं बोलणं, चुगली, सगळंच येतं. मला यात दिसतं ते हे: पकडल्यावर एकाच्या हातावर पैसे टेकवणं आणि आधीच सगळ्यांच्या हाताला काम देणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्याकडे दारू, जुगार, पोरांची टोळकी यांवर भाषणं खूप होतात. तुमच्या गावात रोजगार हमीचं काम मागणाऱ्याला मिळतं का, मजुरी वेळेवर पडते का, ते आधी बघा. अनीतीचं मूळ दारिद्र्यात आहे, असं भगवंत इतकं स्पष्ट सांगतात; मग गरिबाला आधी शील शिकवायला निघणाऱ्या माणसाबद्दल मला खरोखर वाईट वाटतं.

पंचायतीचा शिपाई, पाणी सोडणारा, झाडणारी बाई, यांच्याबद्दल सिगालाला सांगितलेल्या पाच गोष्टी थोडक्यात लिहितो: झेपेल एवढं काम, जेवण आणि वेतन, आजारपणात देखभाल, घरात गोडधोड झालं की त्यातला वाटा, आणि वेळेवर सुट्टी.

सभेबद्दल. मगधाचा राजा अजातशत्रू याला वैशालीच्या वज्जी गणराज्यावर चढाई करायची होती, त्याचा मंत्री वस्सकार गृध्रकूट डोंगरावर भगवंतांना भेटायला आला. भगवंतांनी त्याला थेट उत्तर दिलं नाही, मागे पंखा हलवत उभ्या असलेल्या आनंदांना विचारलं: वज्जी वरचेवर सभा घेतात ना? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात ना? न ठरलेलं लादत नाहीत, ठरलेलं मोडत नाहीत ना? वडीलधाऱ्यांचं ऐकतात ना? बायका-मुलींवर जबरदस्ती करत नाहीत ना? चैत्यांचा मान आणि अर्हतांचं रक्षण होतं ना? हे चालू आहे तोवर वज्जींची वाढच होईल, हानी नाही. अट्ठकथा, म्हणजे सुत्तावरची जुनी टीका, पुढचं सांगते: वस्सकाराने वैशालीत राहून त्यांच्यात फूट पाडली, आणि नंतर सभेचा नगारा वाजला तेव्हा लोक म्हणाले, श्रीमंतांनी जमावं, शूरांनी जमावं, आम्ही कशाला? कोरम नाही म्हणून ग्रामसभा तहकूब होते आणि नंतर घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेतल्या जातात, तेव्हा मला हा नगारा आठवतो. तुम्ही तशा सह्या घेऊ देऊ नका.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत हेच सांगितलं होतं. संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवे नाहीत; भिक्खू संघात आसनव्यवस्था होती, ठराव होते, गणपूर्ती होती, मतमोजणी आणि गुप्त मतदानही होतं, आणि हे भगवंतांनी त्या काळच्या राजकीय सभांमधून घेतलं असावं. त्याच भाषणात त्यांनी बजावलं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तुमचे हार, फ्लेक्स, मिरवणुका वाढायला लागल्या की हे भाषण पुन्हा वाचा. भगवंतांनी स्वतःच्या मागे कोणालाही प्रमुख नेमलं नाही. पुढे वस्सकाराने आनंदांना विचारलं, मग तुमचा आधार कोण? आनंद म्हणाले, धम्म.

नेत्याच्या शीलाला किंमत नाही, असा अर्थ कृपया काढू नका. अंगुत्तर निकाय या सुत्तसंग्रहात म्हटलंय, गुरं नदी ओलांडतात तेव्हा पुढचा बैल वाकडा गेला की सगळा कळप वाकडा जातो. दहा राजधर्म तिथेच लागू होतात, आणि त्यांतले दोन मी तुम्हाला आधी धरायला सांगेन: अक्रोध, आणि अविरोध म्हणजे लोकांच्या रास्त इच्छेच्या आड न येणं. अशोकाने ओडिशातल्या धौली आणि जौगड इथे आपल्या अधिकाऱ्यांसाठी कोरून ठेवलंय: सगळी माणसं माझी लेकरं आहेत, कोणाला विनाकारण कैद किंवा छळ होता कामा नये, आणि मत्सर, तडकाफडकी राग, निष्ठुरपणा, घाई, आळस, थकवा यांच्यामुळे न्याय चुकतो. थकवासुद्धा त्याने मोजलाय! संध्याकाळी दमलेल्या अवस्थेत दाखल्याला आलेल्या म्हाताऱ्यावर खेकसायची वेळ येते, तेव्हा त्याला उद्या सकाळी पहिला बोलवा. हा लेख ठरावीक दिवशी वाचून दाखवावा, एकच माणूस ऐकायला असला तरी वाचावा, असाही आदेश त्यात आहे. आपल्या सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडलेला तुकडा आठव्या शिलालेखाचा आहे. त्यात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीला बाहेर पडत, मी धम्मयात्रेला निघतो, वृद्धांना भेटतो, खेड्यापाड्यांतल्या लोकांची भेट घेतो.

आणि एक गोष्ट याच वर्षी सुरू करा. वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात: माझ्याबद्दल तुम्ही काही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा शंका आली असेल, तर करुणेने सांगा. श्रावस्तीच्या पूर्वारामात ५०० भिक्खूंसमोर भगवंतांनी हाच प्रश्न स्वतःबद्दल सगळ्यांच्या आधी विचारला: माझ्या कायेने किंवा वाणीने झालेलं काही तुम्हाला निंद्य वाटतं का? तुमच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचन होतच असेल. समाप्तीच्या दिवशी समितीच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने उठून हा प्रश्न विचारावा, सुरुवात तुमच्यापासून. पुढे तोच प्रश्न ग्रामसभेत विचारा. पहिल्यांदा बोलायला विरोधी पॅनेलच्या माणसाला सांगा, मध्ये तोडू नका, लगेच खुलासा देऊ नका. जे बोललं जाईल ते ग्रामसेवकांना प्रोसिडिंगमध्ये शब्दशः घ्यायला सांगा, आणि पुढच्या सभेच्या नोटिशीत पहिला विषय तोच ठेवा.